कोनाईचा पंजा आणि हर्शेलसाहेबांची उगमकथा

सर विल्यम हर्शेल यांचें 'बोटांच्या ठशांचा उगम' अशा अर्थाच्या इंग्रजी नांवाचें चाळीस-एक पानांचें पुस्तक इ. स. १९१६ मध्यें ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनें प्रसिद्ध केलें. त्यास आतां शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. इतक्या जुन्या पुस्तकाचें परीक्षण या त्रैमासिकांत आज कां, अशी पृच्छा वाचक करतील. म्हणून निमित्त प्रथम सांगतों.

आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं कऱ्हेकांठच्या एका गांवचें जमिनीचें खरेदीखत आम्हांस दाखविलें. शके १७१४, परिधावी नाम संवत्सर, असा मितीचा आरंभ. शक व संवत्सर यांचा मेळ बरोबर. मोडी वळण त्या काळास साजेसें. शेवटीं खत लिहून देणाराची 'निशाणी नांगर' म्हणून काढलेली नेहमींची आकृति. येथवर सर्व यथास्थित. परंतु नांगराच्या शेजारींच जांभळ्या शाईंत अंगठ्याचा एक ठसा होता, व त्यांत त्वचेच्या रेषा स्वच्छ दिसत होत्या. स्नेह्यांचें म्हणणें असें कीं, या ठशामुळें खत निःसंशय अस्सल ठरतें. अक्षराची नक्कल होऊं शकते, अंगठ्याची होत नाहीं. आधारास त्यांनीं हर्शेलसाहेबांचें नांव घेतलें. पुस्तक मात्र त्यांनीं पाहिलेलें नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर तोंपर्यंत आम्हींहि पाहिलेलें नव्हतें. तें मिळवून दोनदां वाचल्यावर आमचें मत असें झालें कीं, या पुस्तकाचें नांव पुष्कळांच्या तोंडीं असलें तरी त्यांतील मुख्य कागदाकडे कागद म्हणून फारसें कोणीं पाहिलेलें नाहीं. आणि तसें पाहणें हें तर आपल्यासारख्यांचेंच काम.

लेखकाचें घराणें ज्योतिर्विदांचें. युरेनस ग्रहाचा शोध लावणारे विल्यम हर्शेल हे त्यांचे आजोबा व जॉन हर्शेल हे वडील. नातवानें आकाश सोडून मुलकी नोकरी पत्करली व इ. स. १८५३ मध्यें तो बंगाल्यांत आला. १८५८ च्या जुलै महिन्यांत तो मुर्शिदाबादेजवळील जंगीपूर येथें पोटविभागाचा अधिकारी होता. रस्ता बांधावयाचा होता. त्यासाठीं 'घुटिंग' नांवाचे कंकराच्या जातीचे खडे हवे होते. निस्ता गांवच्या राज्यधर कोनाई नांवाच्या इसमानें ते पुरविण्याचें कबूल केलें, आणि साहेबांच्या सांगण्यावरून कराराचा कागद स्वतःच्या हातानें लिहिला. तिकडच्या रिवाजाप्रमाणें वरच्या उजव्या कोपऱ्यांत तो सही करणार, तोंच साहेबांनीं त्यास थांबविलें. कचेरीच्या शिक्क्यासाठीं तयार केलेली तेलाची शाई त्याच्या तळहातास व बोटांस फांसली आणि सबंध पंजा कागदाच्या पाठीवर दाबून घेतला. नंतर साहेबांनीं आपल्याहि हाताचा छाप घेऊन दोन्ही छाप ताडून पाहिले, व सामुद्रिकाच्या गोष्टी काढून दोघांनीं थट्टाविनोद केला. पुढें कोनाईशीं दुसरा करार झाला, त्यावरहि असाच पंजा घेतला. या दोहोंपैकीं एक कागद त्यांनीं फ्रान्सिस गाल्टन यांस दिला. गाल्टन यांनीं १८९० च्या नोव्हेंबरांत रॉयल सोसायटीपुढें या विषयावर निबंध वाचला, त्यासाठीं तो उपयोगी पडला.

ही कथा पुष्कळ पुस्तकांतून फिरली आहे, आणि फिरतां फिरतां तिचें रूप पालटलें आहे. कोनाई निरक्षर होता, सही करतां येईना म्हणून साहेबांनीं युक्ति काढली, असें सांगण्याचा प्रघात आहे. मूळ पुस्तकांत याच्या नेमकें उलट आहे. कोनाईस लिहितां येत होतें. एवढेंच नव्हे, तर करार आरंभापासून अखेरपर्यंत त्याच्याच हातचा होता, आणि तो व्यापारी रीतीस धरून व्यवस्थित लिहिलेला होता अशी ग्वाही खुद्द हर्शेल देतात. म्हणजे सही अडली होती म्हणून पंजा आला नाहीं; सही होत असतां ती थांबवून पंजा घेतला. ही गोष्ट लहान दिसते, पण उगमाच्या साऱ्या कथेचा अर्थ तिनें बदलतो.

आपल्या धर्मशास्त्रांत लेख्याचा विचार अतिशय बारकाईनें केलेला आहे. याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायांत ऋणकोनें लेखाखालीं आपलें व बापाचें नांव घालून मान्यता स्वहस्तें लिहावी, साक्षीदारांनींहि तसेंच करावें, व शेवटीं लेखकानें आपलें नांव लिहावें, असा क्रम आहे. परंतु जो लेख ऋणकोनें सगळा स्वतःच्या हातानें लिहिला असेल, त्यास साक्षीदारांचीहि गरज नाहीं; बलात्कारानें किंवा कपटानें तो करविला नसला म्हणजे झालें. या कसोटीस कोनाईचा कागद लावला तर तो पंजा उमटण्यापूर्वींच पूर्ण प्रमाण होता. अक्षर हीच त्याची ओळख होती, आणि ती नाकारणें त्यास अंगठा नाकारण्याइतकेंच कठीण गेलें असतें. मग पंजा कशाला? याचें उत्तर हर्शेल यांनीं प्रांजळपणें दिलें आहे. कोर्टांत येणाऱ्या साक्षीपुराव्यावरील त्यांचा विश्वास उडालेला होता, आणि पुढें सही नाकारण्याचा विचारहि कोनाईच्या मनांत येऊं नये इतकी त्यास धास्ती बसावी, एवढाच त्यांचा उद्देश होता. हाताचा छाप घेण्याच्या कल्पनेंत आपलें फारसें नवें कांहीं नव्हतें, असेंहि ते सांगतात.

तेव्हां १८५८ चा पंजा हा त्या दिवशीं ओळख पटविण्याचें साधन नव्हता. तो शपथेच्या जातीचा होता. मोगल बादशहांच्या कांहीं फर्मानांवर पंजा उमटविलेला आढळतो, त्याच्या कुळांतला. तेथें रेषा मोजावयाच्या नसतात. 'आमचा हात या कागदास लागला आहे' एवढें सांगावयाचें असतें. बंगाल्यांत 'टिपसई' हा शब्द रूढ आहे. तेथील निरक्षर लोक शाईंत बोट बुडवून कागदावर टेकवीत, त्या खुणेस इतिहासांत कोणतें स्थान द्यावें याची चर्चा गाल्टन यांनीं १८९२ च्या आपल्या ग्रंथांत केली आहे, व ती शास्त्रीय ओळख नव्हे असा निवाडा दिला आहे. निवाडा आम्हांस मान्य आहे. मात्र जो न्याय टिपसईस लावावयाचा, तोच कोनाईच्या पंजासहि लावला पाहिजे. रयतेचा डाग ही नुसती चाल आणि साहेबानें घेतलेला छाप हें शास्त्र, असा पंक्तिप्रपंच कागदाच्या परीक्षेंत चालत नाहीं. पुढें जें घडलें तें ठाऊक असल्यामुळें मागील कागदांत तें आधींच होतें असें वाटूं लागतें, हा दोष आपल्याहि लेखनांत पदोपदीं आढळतो.

असें असलें तरी हर्शेल यांचें श्रेय उणें होत नाहीं. तें फक्त आपल्या जागेवरून हलतें. त्यांच्या पुस्तकाचें खरें धन कोनाईच्या पंजांत नसून पुढील छापांत आहे. या माणसानें हौसेनें म्हणा, छंद म्हणून म्हणा, स्नेह्यांचे, हाताखालच्या लोकांचे व स्वतःचे ठसे वर्षानुवर्षें घेतले, त्यांवर तारखा घातल्या आणि ते जपून ठेवले. स्वतःच्या बोटाचे तरुणपणींचे व वार्धक्यांतील ठसे, मध्यें पन्नासांवर वर्षांचें अंतर, त्यांनीं शेजारीं शेजारीं छापले आहेत. रेषा जशाच्या तशा. हाडें बदललीं, त्वचा सुरकुतली, पण रेषांचे फांटे व तुटके टोंक आपल्या ठिकाणीं कायम. हें सिद्ध करण्यास बुद्धीपेक्षां चिकाटी अधिक लागते, आणि तारीख घालण्याची संवय तर लागतेच. १८५८ चा कागद नाहींसा झाला असता तरी शास्त्राचें कांहीं अडलें नसतें. हे तारीखवार छाप नाहींसे झाले असते तर मात्र अडलें असतें. गाल्टन यांनीं स्थिरतेचा सिद्धांत मांडला तो हर्शेल यांच्याच संग्रहाच्या बळावर. पुस्तकास नांव द्यावयाचें तर उगमापेक्षां 'संग्रह' हेंच शोभलें असतें.

हर्शेल यांचा १८७७ मधील हुगळी येथील उद्योग तर याहून ठोस आहे. तेथें मॅजिस्ट्रेट असतांना त्यांनीं पेन्शनदारांच्या पावत्यांवर, नोंदणीच्या दस्तऐवजांवर व तुरुंगाच्या कामीं बोटांचे ठसे घेण्याचें चालू केलें. मेलेल्या पेन्शनदाराच्या नांवावर दुसऱ्यानेंच पैसे उचलावे, एकाची शिक्षा दुसऱ्यानें भोगावी, दस्त करून देणारानें मागाहून कानांवर हात ठेवावे, हे प्रकार बंद करण्याचा तो प्रयत्न होता. १५ ऑगस्ट १८७७ च्या पत्रानें त्यांनीं वरिष्ठांस ही पद्धति कळविली. वरून उत्तेजन मिळालें नाहीं आणि लौकरच ते स्वदेशीं गेले.

येथें आम्हांस एक विचार सुचतो तो लिहितों. आपल्या जुन्या महजरांवर व खतांवर निरक्षर माणसाच्या निशाण्या असत, त्या व्यक्तीच्या नसून वृत्तीच्या असत. कुणब्याचा नांगर, इतरांचें आपापल्या धंद्याचें हत्यार. एका गांवांत नांगर ही निशाणी शंभरांची असावयाची. मग त्यावरून माणूस ओळखावा कसा? उत्तर असें कीं, तो निशाणीवरून ओळखावयाचाच नसे. हजीर मजालशींत बसलेले पाटील, कुळकर्णी, शेटे, महाजन, बलुते त्यास लहानपणापासून ओळखीत. निशाणी ही त्यांच्या समक्ष झालेल्या संमतीची खूण. ओळख गोताच्या डोळ्यांत होती, कागदांत नव्हती. गोताला न ओळखणारा परका अधिकारी जेव्हां समोरच्या माणसाचें तोंड पाहून कांहींच सांगूं शकत नाहीं, तेव्हां त्यास बोट पाहावें लागतें. या शास्त्राचा पहिला कारभारी उपयोग विलायतेंत न होतां बंगाल्यांत झाला याचें एक कारण आम्ही हेंच समजतों.

गोताच्या डोळ्यांवरहि सदैव भिस्त ठेवतां येत नसे, हें पेशवाईच्या अभ्यासकांस सांगणें नलगे. पानिपत १७६१ मध्यें झालें. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचा निकाल लागून त्यास देहांत शासन झालें तें १७७६ मध्यें. मधल्या काळांत भाऊंना पाहिलेलीं, त्यांच्या हाताखालीं वागलेलीं माणसें जिवंत होतीं, तरी एके वेळीं किल्ले व फौज तोतयाच्या हातीं गेलीच. कोणी खरोखर फसले, कोणी फसून घेणें सोयीचें म्हणून फसले. भाऊंचा एक छाप उपलब्ध असता तर अर्ध्या घटकेचें काम होतें, असें म्हणण्याचा मोह होतो. पण ज्यांस फसावयाचेंच होतें त्यांस छापानें कितपत आवरलें असतें, याची आम्हांस शंका आहे.

पुस्तकाचा दुसरा दोष म्हणजे जें त्यांत नाहीं तें. तें सर एडवर्ड हेन्री यांस अर्पण केलेलें आहे, आणि ते योग्यच. परंतु हेन्री यांच्या नांवावर जी वर्गीकरणाची पद्धति जगभर गेली, तिच्या घडणींत दोन बंगाली माणसांचा मोठा हात होता. खानबहादूर अझिझुल हक हे गणिताचे विद्यार्थी. रायबहादूर हेमचंद्र बोस हे त्यांचे सहकारी. दोघेहि बंगाल पोलिसांत हेन्री यांच्या हाताखालीं. अडचण अशी होती कीं, ठसे हजारोंनीं गोळा झाल्यावर त्यांतून हवा तो काढावा कसा? गाल्टन यांची मांडणी मोठ्या संग्रहास पुरी पडेना. तोड निघाली ती मोठी सुबक आहे. आपल्या सामुद्रिकाच्या भाषेंत सांगावयाचें तर दहा बोटांपैकीं प्रत्येक बोटावर चक्र आहे कीं नाहीं एवढेंच आधीं पाहावयाचें. बोटांच्या पांच जोड्या करावयाच्या. पहिल्या जोडींतील चक्रास सोळा, दुसरींतील आठ, मग चार, दोन, एक असे अंक द्यावयाचे. जोडींतील एका बोटाचे अंक वर, दुसऱ्याचे खालीं मिळवून अपूर्णांकासारखा आंकडा येतो, व वरखालीं एक एक मिळविला म्हणजे ३२ उभे आणि ३२ आडवे असे १०२४ खण होतात. प्रत्येक माणसाचा कागद यांपैकीं एकाच खणांत पडणार. पुढें पोटभेद करून शोध आणखी आवळतां येतो. जुन्या पोथ्यांची सूचि ज्यानें एकदां तरी केली आहे, त्यास या युक्तीची किंमत निराळी सांगावयास नको. संग्रह असणें निराळें आणि संग्रहांतून वस्तु सांपडणें निराळें.

१८९७ मध्यें हिंदुस्थान सरकारनें समिति नेमून ही पद्धति तपासली व मान्य केली, आणि त्याच वर्षीं कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. लंडनची कचेरी त्यानंतर, १९०१ मध्यें. हेन्री यांचें पुस्तक १९०० मध्यें आलें, त्यावर कर्ता म्हणून एकट्या हेन्री यांचें नांव. हक यांच्या कामगिरीची कबुली हेन्री यांनीं दिली, पण ती बऱ्याच उशिरां, १९२६ मध्यें एका पत्रांत. हर्शेल १९१६ मध्यें लिहीत होते, व त्यापूर्वीं जवळजवळ चाळीस वर्षें त्यांनीं बंगाल सोडलेलें होतें. त्यामुळें कचेरींत कोणीं काय केलें हें त्यांस ठाऊक नसणें संभवतें. त्यांच्यावर आम्ही दुष्ट हेतूचा आरोप करीत नाहीं. तथापि ज्या पुस्तकाच्या पहिल्या पानांत निस्ता गांवच्या कंत्राटदाराचें नांव ग्रामासहित आदरानें नोंदलें आहे, त्याच्या परंपरेंत हक व बोस यांचीं नांवें सुटावीं हें खटकतें. हस्तलिखिताच्या शेवटीं लेखकाचें नांव पुसून मालकाचें घालावें, तशांतला हा प्रकार.

श्रेयाचा आणखी एक वाद या पुस्तकामागें आहे, आणि तो पुराणवस्तूंच्या अभ्यासकांस विशेष गोड लागेल. हेन्री फॉल्ड्स हे स्कॉटिश मिशनरी डॉक्टर जपानांत टोकियो येथें होते. तेथील प्राचीन खापरांवर ओल्या मातींत कुंभाराच्या बोटांच्या रेषा उमटून राहिलेल्या त्यांनीं पाहिल्या, आणि त्यांचें लक्ष जिवंत माणसांच्या बोटांकडे वळलें. २८ ऑक्टोबर १८८० च्या 'नेचर' पत्रांत त्यांचें टिपण आलें. गुन्ह्याच्या जागीं राहिलेल्या खुणांवरून गुन्हेगार शोधतां येईल ही सूचना छापून प्रथम मांडली ती त्यांनीं. हर्शेल यांचें उत्तर पुढच्याच महिन्यांत आलें. त्यानंतर उभयतांत कित्येक वर्षें कुरबुर चालली. आमच्या दृष्टीनें दोघेहि खरे: हर्शेल यांस कागदावर मुद्दाम घेतलेल्या छापाचें महत्त्व कळलें, फॉल्ड्स यांस नकळत राहून गेलेल्या छापाचें. या दोन वस्तु सारख्या दिसल्या तरी पुरावा म्हणून त्यांचें बळ अत्यंत भिन्न आहे, आणि आमच्या स्नेह्यांची चूक नेमकी येथेंच होती.

मुद्दाम घेतलेला छाप हा ताडून पाहण्यासाठीं असतो. कोनाई जिवंत आहे, उद्यां तो 'हात माझा नव्हे' म्हणाला तर त्याचा हात पुन्हां घेतां येईल, यांतच त्या पंजाचें सामर्थ्य. दुसरा ज्ञात छाप नसेल तर पहिला मुका. अक्षराचें तसें नाहीं. नाना फडणिसांचें अक्षर आज आपण ओळखतों, कारण निर्विवाद त्यांच्या हातचे कागद पुष्कळ आहेत. माणूस गेला तरी तुलनेचें साधन मागें राहिलें. शके १७१४ मधील कुणब्याच्या अंगठ्याशीं ताडण्यास आपणांपाशीं काय आहे? कांहींच नाहीं. अंगठ्याची नक्कल होत नाहीं हें क्षणभर खरें मानलें, तरी तो कोणाचा अंगठा हें त्यावरून कळत नाहीं, आणि केव्हां उमटला हें तर मुळींच कळत नाहीं.

नकळत राहिलेल्या छापाचें उदाहरण बंगाल्यांतीलच आहे. १८९७ मध्यें जलपैगुडी जिल्ह्यांतील एका चहाच्या मळ्याच्या गोऱ्या व्यवस्थापकाचा खून झाला व त्याची पेटी लुटली गेली. पेटींत निळ्या वेष्टणाची एक छापील बंगाली पंजिका होती, तिच्यावर रक्ताचे दोन तपकिरी डाग. त्यांपैकीं एकांत उजव्या अंगठ्याच्या रेषा होत्या. चोरीबद्दल पूर्वीं शिक्षा झालेल्या एका जुन्या नोकराचा छाप कलकत्त्याच्या कचेरींत होता, तो जुळला. न्यायालयानें काय केलें तें मननीय आहे. खून करतांना त्यास कोणीं पाहिलें नाहीं, म्हणून खुनाच्या आरोपांतून त्यास सोडलें, आणि पेटीस त्याचा हात लागला होता हें सिद्ध झालें, म्हणून चोरीबद्दल शिक्षा दिली. ठसा जेवढें बोलतो तेवढेंच त्याच्या तोंडीं घातलें. पुढें, १८९९ मध्यें, पुराव्याच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन ठशांच्या तज्ज्ञांचें मत ग्राह्य ठरलें. पण कायदा होण्यापूर्वींचा हा विवेक आम्हांस अधिक शिकण्यासारखा वाटतो.

तो विवेक सुटला म्हणजे काय होतें हें २००४ मध्यें दिसलें. माद्रिद येथील रेल्वेंतील स्फोटांनंतर एका पिशवीवर मिळालेला अपुरा ठसा अमेरिकेच्या मध्यवर्ती तपास खात्यानें आपल्याच देशांतील एका वकिलाचा म्हणून ठरविला. तज्ज्ञ एक नव्हे, अनेक होते. स्पेनच्या पोलिसांनीं तो दुसऱ्याच माणसाचा असल्याचें दाखविलें. वकिलास सोडावें लागलें व खात्यास क्षमा मागावी लागली. रेषा खोट्या नव्हत्या. वाचणारे चुकले.

खरी खूण आणि खोटा निष्कर्ष एकत्र नांदूं शकतात, हें विशाखदत्तानें फार पूर्वीं नाटकांत दाखविलें आहे. 'मुद्राराक्षसां'तील तें पत्र शकटदासाच्याच हातचें, मुद्राहि राक्षसाचीच. मलयकेतु अक्षर दुसऱ्या लेखाशीं ताडून पाहतो तें बरोबरच जुळतें. आणि तरी त्यावरून तो जो निर्णय करतो तो सर्वस्वीं चुकीचा. वर्गांत हा अंक शिकवितांना मुलें नेहमीं विचारीत कीं, मलयकेतूनें आणखी काय पाहावयास हवें होतें? उत्तर याज्ञवल्क्यानें दिलेलें आहे. संशयित लेखाची शुद्धि स्वहस्ताच्या तुलनेनें करावीच, पण तेवढ्यावर थांबूं नये. युक्ति, प्राप्ति, क्रिया, चिह्न, संबंध, आगम आणि हेतु यांनींहि ती करावी, असें तो सांगतो. 'चिह्न' शब्दाचा अर्थ विज्ञानेश्वर लेखकाची श्रीकारासारखी असाधारण खूण असा करतो. तें चिह्न सातांतलें एक आहे. त्या माणसांचा पूर्वींचा व्यवहार होता काय, त्यास ती वस्तु मिळण्याचा मार्ग कोणता, असे प्रश्न त्याच्या बरोबरीनें बसविले आहेत.

आतां खरेदीखताकडे वळूं. पहिली गोष्ट शाईची. आपलें जुनें लेखन काजळ व गोंद यांच्या पाणीदार शाईचें. तींत बोट बुडवून टेकविलें तर डाग पडतो, रेषा उठत नाहींत. रेषा उठण्यास चिकट शाईचा पातळ थर लागतो. हर्शेल यांनीं शिक्क्याची तेलाची शाई घेतली ती उगीच नव्हे. दुसरी गोष्ट रंगाची. हा भडक जांभळा रंग दिसण्यांत शिक्क्याच्या गादीवरील कृत्रिम रंगासारखा आहे, आणि कृत्रिम जांभळ्याचा शोधच पर्किन यांनीं १८५६ मध्यें लावला. तेव्हां ठसा शके १७१४ चा नव्हे, निदान साठांहून अधिक वर्षें मागाहूनचा, हें आम्हीं स्नेह्यांस सांगितलें. ते खिन्न झाले, व खतच बनावट कीं काय असें विचारूं लागले. हाहि तितकाच उतावळेपणा. ठसा उपरा ठरला म्हणून लेख उपरा ठरत नाहीं. मिती, संवत्सर, वळण, कागद, चतुःसीमा, नांवें हीं सर्व आपापल्या बळावर उभीं होतीं.

प्रश्न उरला तो ठसा आला कोठून हा. खत जाड मांजरपाटावर खळीनें चिकटविलेलें होतें, त्यामुळें पाठ दिसत नव्हती. कोनाईचा पंजा कागदाच्या पाठीवर होता ही गोष्ट आमच्या मनांत घोळत होतीच. म्हणून जाणत्या माणसाकडून कापड सोडवून घेण्याचा आग्रह आम्हीं धरला. आपले संग्राहक कागद टिकावा म्हणून पाठीस कापड लावतात व त्याबरोबर निम्मा कागद पुरून टाकतात. शेरे, दाखल्याचे आंकडे, पोंचपावत्या, एका हातांतून दुसऱ्या हातांत गेल्याच्या नोंदी, हें सगळें बहुधा पाठीवर असतें. ज्याचा कागद झिरझिरीत झाला असेल त्यानें लावण्यापूर्वीं निदान पाठीचा फोटो घ्यावा, व लावावयाचें तें विरघळून निघेल अशा खळीनें आणि पातळ कागदावर.

कापड सुटल्यावर पाठीवर बाळबोध अक्षरांत दोन ओळी निघाल्या. कोर्टांत हजर केल्याचा आंकडा, व खालीं असल खत परत पोंचल्याची कबुली. पुढें नांव आणि 'निशाणी अंगठा'. तारखेच्या जागीं कागद फाटला आहे. नांव खत लिहून देणाराचें नाहीं. घेणाराच्या आडनांवाचें आहे, आणि बापाच्या नांवावरून पाहतां त्याच्या नातवाचें किंवा पणतवाचें असावें. कबुली पाठीवर लिहिली गेली, पण अंगठा मात्र त्यानें दर्शनी बाजूस, जुन्या नांगराशेजारीं उठविला. निशाणीची जागा ती, असें त्यास किंवा कारकुनास वाटलें असावें. त्या घराण्याचे नंतरचे कांहीं दस्त स्नेह्यांच्या संग्रहांत आहेत. त्यांवर त्याच नांवाचा अंगठा आढळल्यास दोन्ही ताडून पाहण्याचें काम एका निवृत्त ठसेतज्ज्ञांनीं अंगावर घेतलें आहे. खत सध्यां दोन कांचांमध्यें, दोन्ही बाजूंनीं पाहतां येईल असें, स्नेह्यांच्या घरीं ठेवलेलें आहे.